एक लाल रेघ

इंग्रजीचा शिक्षक म्हणून मी उणीपुरी तीस वर्षे नोकरी केली. त्या काळात लाल शाईने किती रेघा ओढल्या त्याची गणती नाही. एक मात्र विसरता आलेली नाही.

१९८७ साल, नववीचा वर्ग. 'अविस्मरणीय दिवस' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहून आणायला सांगितले होते. वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजी नेत. त्याच पावसाळ्यात ते फलाटावर कोसळले आणि गेले. मुलाने लिहिले होते की वडिलांच्या मृत्यूने आम्हांला 'सरप्राइज' केले. नाव न घेता मी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "बाबांनो, सरप्राइज वाढदिवसाला असते, मरणाला नव्हे!" वर्ग खळखळून हसला. मग हसू ओसरले आणि एकेक मान त्याच्या बाकाकडे वळू लागली.

वही परत करताना दिसले, त्या वाक्याच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते : 'मरणाने अवचित गाठले.' कुठल्याशा जुन्या कोशात 'अवचित गाठणे' याला त्याने प्रतिशब्द शोधला असावा. तेवढ्याने मी काही विरघळलो नाही. रेघ तशीच राहिली.

पुढे शब्दांच्या व्युत्पत्ती देणारा एक मोठा कोश हाती आला, आणि सहज चाळताना मी या शब्दापाशी थबकलो. 'सरप्राइज' मूळचा फ्रेंच. 'सुर' म्हणजे वर आणि 'प्राँद्र' म्हणजे धरणे. वरून झडप घालून पकडणे. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ग्रासून टाकणे, बेसावध शत्रूवर तुटून पडणे असा होता. आश्चर्याचा सौम्य अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला, आणि केक-मेणबत्त्या तर फारच अलीकडच्या. लष्करी भाषेत जुना अर्थ आजही जिवंत आहे. म्हणजे 'गाठणे' हाच त्याचा गाभा! आजच्या वापराप्रमाणे ते वाक्य खटकतेच, हे मी अजूनही म्हणेन. पण मुलाने शब्द आंधळेपणाने उचलला नव्हता.

याची भावंडेही अशीच. 'अस्टॉनिश'च्या मुळाशी लॅटिनमधला मेघगर्जनेचा धातू आहे. आपण 'वज्राघात झाला' म्हणतो त्याच्या अगदी जवळचा. १६११च्या इंग्रजी बायबलात दानिएलाच्या पुस्तकात त्याचे 'अस्टोनीड' हे जुने रूप भेटते. (ते कॅथलिकांचे भाषांतर नव्हे, पण शब्द शोधणाऱ्याला कोणतेही दार वर्ज्य नसावे.) 'स्टार्टल' मात्र अस्सल इंग्रजी मातीतला, पूर्वी त्याचा अर्थ लाथा झाडणे, धडपडणे असा होता. बुजलेला बैल ज्याने पाहिला आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

मराठीत 'मी दचकलो' म्हणताना कर्ता मीच असतो. इंग्रजीत ही क्रिया दुसरा कुणी आपल्यावर करतो. म्हणूनच आमची मुले 'आय वॉज'मधला 'वॉज' गाळतात, आणि अर्थ उलटा होतो.

काही वर्षांनी एका लग्नाच्या मंडपात तो भेटला. आता दोन मुलांचा बाप. बँडच्या गोंगाटात त्याला बाजूला घेऊन मी ही सारी व्युत्पत्ती सांगितली, आणि "तुझा शब्द चुकीचा नव्हता रे," असेही म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"सर, शब्द कोणता होता ते मला आठवत नाही," तो म्हणाला. "वर्ग हसला होता, ते आठवतं."

मी चपापलो. तो मात्र माझ्यासाठी खुर्ची आणायला गेला.