सरवा आणि पन्नास ग्रॅम

पीक काढून झालं की शेतात जे कणीस, जी शेंग मागे राहते, तिला आपल्याकडे सरवा म्हणतात. कापणी उरकली, पेंढ्या खळ्यावर गेल्या, की ज्यांच्या घरात दाणा नाही अशा बायका आणि मुलं रानात उतरायची. संस्कृतात या वेचण्याला दोन वेगळे शब्द आहेत: सांडलेला एकेक दाणा टिपणं म्हणजे उंछ आणि मागे राहिलेली कणसं गोळा करणं म्हणजे शिल. महाभारतात अश्वमेधाच्या मंडपात जे अर्ध्या सोनेरी अंगाचं मुंगूस येतं, ते अशाच उंछवृत्तीनं जगणाऱ्या घरातल्या सातूच्या पिठाच्या कणांत लोळलेलं असतं. जगात इतरत्रही हीच वहिवाट होती. इंग्लंडमध्ये मात्र १७८८ साली न्यायालयानं निकाल दिला, की सरवा वेचणं हा कायद्यानं कुणाचा हक्क नाही. मालकानं वेचू दिलं तर वेचावं. बंगळुरूच्या उत्तर टोकाला, येलहंक्यात, आज सरवा वेचायचा म्हटलं तर तोही मालकाच्या होकारावरच वेचावा लागतो, आणि तो कणसांचा नसतो, भाजीचा असतो. हा फरक वरवरचा नाही. आजची भूक ताटाच्या नेमक्या कोणत्या बाजूला आहे, ते त्यातूनच कळतं.

धान्याची बाजू सरकारनं बऱ्यापैकी सांभाळली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्याच वर्षी कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली. हे जमलं, कारण धान्य टिकतं. तांदळाचं पोतं पंजाबातून निघून, गोदामात काही महिने पडून, येलहंक्याच्या रेशन दुकानात आलं तरी तो तांदूळच असतो. माठाची जुडी मात्र सकाळी उपटली की संध्याकाळी मान टाकते. तिच्यासाठी गोदाम नाही, बफर साठा नाही, म्हणून हमीही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं आणि १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्क्यांच्या. ही माणसं उपाशी झोपतात असं नाही. ती भातावर पातळ सार ओतून जेवतात आणि पोट भरलं म्हणतात. शाळेच्या दुपारच्या जेवणाचा नियम पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. धान्य सरकारी गोदामातून फुकट येतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि जळण यांच्यासाठी मात्र १ मे २०२५ पासून दर मुलामागे ६ रुपये ७८ पैसे मिळतात. बाजार चढला की या पैशातून सगळ्यात आधी काय आटतं, हे स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे पन्नास ग्रॅम दिल्लीहून पाठवता येत नाहीत. ते जवळच पिकवावे लागतात आणि जवळच वेचावे लागतात.

येलहंका त्यासाठी योग्य जागी वसलं आहे. ज्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळुरूची पेठ वसवली, ते येलहंक्याचेच. मराठी वाचकाला बंगळुरू आठवतं ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे, पण त्या शहराचं मूळ या गावात आहे. आज गावाच्या दक्षिणेला कृषी विद्यापीठाचं विस्तीर्ण जीकेव्हीके आवार आहे. पश्चिमेला हेसरघट्ट्याची बागायती संशोधन संस्था आणि उत्तरेला दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर असा भाज्यांचा आणि द्राक्षांचा पट्टा. पुढे कोलारची टोमॅटोपेठ. म्हणजे एका हाताला शेत आणि दुसऱ्या हाताला नव्या इमारतींच्या पायथ्याशी निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या, ज्यांत कलबुर्गी, यादगीर, रायचूरकडून आलेले मजूर राहतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शेतातली कोबी, टोमॅटो, द्राक्षं जागेवर सडली आणि तेव्हाच शहरातल्या मजुरांच्या चुली विझल्या. मालही होता, तोंडंही होती. कमी पडला तो मधला हात.

शेतात माल का राहतो, हे नीट समजून घेतल्याशिवाय या कामात उतरू नये. तो शेतकऱ्याच्या आळसानं राहत नाही. टोमॅटोचे सुरुवातीचे तोडे चांगले पैसे देतात. मग भाव पडतो, फळ बारीक होत जातं, आणि एक दिवस असा येतो की १५ किलोच्या क्रेटच्या पट्टीतून अडत, हमाली, गाडीभाडं वजा जाता तोडणीची मजुरीही निघत नाही. त्या दिवशी शेतकरी तोडणी थांबवतो. हिशेबानं ते बरोबरच असतं. लुधियानाच्या सिफेट संस्थेनं २०१५ मध्ये काढणीनंतरचं नुकसान मोजलं, तर टोमॅटोत ते १२ टक्क्यांहून जास्त निघालं आणि पेरूत जवळपास १६. जो माल तोडलाच गेला नाही, तो या आकड्यांत धरलेला नाही. म्हणजे सरवा ही दान मागण्याची गोष्ट नाही. शेतकऱ्याला जी मजुरी परवडत नाही, ती आपण आपल्या हातांनी भरायची असते. म्हणून या कामात पैशांपेक्षा पहाटेचे तीन तास आणि बारा माणसं यांची किंमत मोठी.

त्या तीन तासांत कसब आहे, आणि ते पुस्तकात वाचून येत नाही. टोमॅटोचा रंग खालून, फुलाकडच्या टोकाकडून चढतो. तिथे रुपयाएवढा गुलाबी ठिपका आला की फळ तोडावं. ते सावलीत चार-सहा दिवस सहज निघतं. फळाला देठ ठेवू नये, कारण क्रेटमध्ये तोच शेजारच्या फळात घुसतो आणि एका भोकातून अख्खं क्रेट पाणावतं. क्रेट काठोकाठ भरू नये, वरचं क्रेट खालचं चिरडतं. तडकलेली फळं वेगळ्या टोपलीत, त्याच दिवशीच्या चुलीसाठी. गोल्टी माल टाकून देऊ नये, सारात त्याची चव मोठ्या फळाहून उतरती नसते. मल्चिंग पेपरवर पाय देऊ नये, ठिबकच्या नळ्या ओलांडाव्यात, त्यांवरून चालू नये. शेतकऱ्याला पुढचं पीक त्याच नळ्यांवर घ्यायचं असतं, आणि एक फाटलेली नळी पुढच्या वर्षीचा होकार घालवते. शेतात शिरण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, पण तो न चुकता विचारायचा: शेवटची फवारणी कधी झाली? औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटले नसतील तर कितीही लाल माल असला तरी मागे फिरावं.

आता या सगळ्यावरचा सर्वांत खरा आक्षेप. सरवा मिळतो तो भाव पडल्यावर, म्हणजे टोमॅटो स्वस्त असतानाच. मग स्वस्ताईत फुकट देऊन काय साधलं? आक्षेप अर्धा बरोबर आहे. घाऊक बाजारात पडलेला भाव झोपडीसमोरच्या हातगाडीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही, आणि पाव किलोनं घेणाऱ्याला तर तो सगळ्यात उशिरा भेटतो. तरीही महागाईच्या महिन्यांत सरवा मुळीच नसतो, हे मान्य करावं लागतं. जुलै २०२३ मध्ये कर्नाटक सरकारनं अन्नभाग्य योजनेतल्या जादा तांदळाऐवजी माणशी १७० रुपये बँकेत जमा करायला सुरुवात केली. त्याच महिन्यात बंगळुरूत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या पुढे होता. ‘सरळ पैसे द्या, भाजी कशाला वाटता?’ असं विचारणाऱ्यांनी तो महिना आठवावा. पैसे द्यावेतच, पण पैसा आणि भाजी एकाच वेळी कमी पडतात, तेव्हा ताटात उतरतं ते वाफ्यातलंच. म्हणून नुसतं वेचून भागत नाही, पिकवावंही लागतं. रेलचेलीत सरवा आणि टंचाईत वाफा अशी ही जोडी आहे.

पिकवायचं काय, याचं उत्तर मात्र आखडतं ठेवावं. आपल्या गुंठा-दोन गुंठ्यांत टोमॅटो, कोबी लावून शेतकऱ्याशी बरोबरी करू नये. ते शेतात अमाप पिकतं. आपण पाला पिकवावा, कारण लांबून आणला तर मरतो तो पालाच. हेसरघट्ट्याच्या संस्थेचा ‘अर्का सुगुणा’ नावाचा माठ आहे. पेरल्यापासून २५-३० दिवसांत पहिली काढणी, मग पुनःपुन्हा फुटवा. ९० दिवसांत हेक्टरी सुमारे २५ टन पाला. गुंठ्यावर आणला तर हा हिशेब २५० किलोंचा, दिवसाला पावणेतीन किलोंचा होतो. हे संशोधन केंद्रातलं उत्पन्न झालं. शाळेच्या आवारातल्या मातीत निम्मं धरा. तरी रोज पंचवीस-सत्तावीस मुलांचे पन्नास ग्रॅम एका गुंठ्यातून निघतात. (गुंठा हे माप कन्नडातही तेच, चाळीस गुंठ्यांचा एकर, त्यामुळे इथे हिशेब समजावताना अडत नाही.) श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा संसार मांडून दाखवला होता. त्या विचाराचा सगळ्यात सोपा तुकडा इथे लागू होतो: थोडी जागा, भरपूर पालापाचोळा, आणि ऊन वाया न घालवणं. शाळांच्या परसबागांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहे. पाण्याच्या नळाजवळचा एक गुंठा आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणारा एक माणूस, एवढ्यावरच बहुतेक बागा तरतात किंवा मरतात.

पालेभाजीनं रक्त वाढतं, हे आपण फार सोपं करून सांगतो. पाल्यातलं लोह शरीर थोडंच घेतं, लिंबू पिळलं तर जरा जास्त. पण अ जीवनसत्त्वाची आणि फोलेटची सोय पाल्याइतकी स्वस्तात दुसऱ्या कशानं होत नाही, आणि अ जीवनसत्त्वासाठी फोडणीचं तेल लागतं. वाफवलेला, बिनतेलाचा पाला मुलांच्या ताटात ठेवून काही मिळत नाही. मुलं तो बाजूलाच सारतात.

‘गरिबाला उरलंसुरलं का द्यायचं?’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, आणि म्हणूनच त्याचं उत्तर बोलून नव्हे, कामातून द्यावं लागतं. आकारानं बसत नाही म्हणून राहिलेलं फळ आणि सडकं फळ यांत फरक न करणाऱ्यानं वाटपाला जाऊ नये. जे आपण आपल्या पानात घेणार नाही, ते क्रेटमध्ये घालायचं नाही. दुसरं, काय हवं ते आधी विचारायचं. कलबुर्गीकडचा मजूर ज्वारीची भाकरी खातो. त्याला पुंडी पल्ले हवं, म्हणजे आपली अंबाडीची भाजी. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्याच्या वस्तीत ब्रोकोली नेऊन ठेवणं हा अन्नाचाही अपमान आणि त्याचाही. बंगळुरूजवळच्या गावांत नाचणीच्या मुद्देबरोबर, म्हणजे उकडीच्या गोळ्याबरोबर, बस्सारु करतात. डाळ आणि पाला एकत्र शिजवायचा, पाणी गाळून घ्यायचं, पाण्याचं सार करायचं आणि उरलेल्या पाल्याचं पल्य, म्हणजे सुकी भाजी. एका पातेल्यात दोन पदार्थ, आणि उकळलेलं पाणीही वाया जात नाही. याच मुलखात बायका नाचणीच्या रानातून बेरके सोप्पु आणतात, नावाप्रमाणे मिसळ पाला: दंटु म्हणजे माठ, गोणी म्हणजे घोळ, असं जे हाती येईल ते. हाही सरवाच, पण पीक उभं असतानाचा. तणनाशक मारलं की तो संपतो, आणि त्याची नोंद कुठल्याच नुकसानीत होत नाही.

बाजार बिघडेल ही भीती शेतकऱ्याच्या तोंडून येते, तेव्हा ती गंभीरपणे ऐकावी. त्यावर तोंडी करार पुरतो: वेचलेलं एक फळही विकलं जाणार नाही, जिथे शिजतं तिथेच जाईल. पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. शहराचं सांडपाणी उतरणाऱ्या तळ्यांकाठची हिरवीगार भाजी दिसायला सुंदर असते, पण पाला मातीतले जड धातू सहज ओढून घेतो आणि ते धुऊन जात नाहीत. अशा पाण्यावरचा पाला फुकट मिळाला तरी मुलांच्या ताटात घालू नये, आणि स्वतःच्या वाफ्याचं पाणी व माती वर्षातून एकदा तपासून घ्यावी. संशय असलेल्या जागी पाला लावूच नये. तिथे कुंपणाला शोभेची झाडं पुरेत.

आणि पाणी चांगलं असेल त्या कुंपणाला शेवगा लावावा. सुट्टीत कुणी आलं नाही, वाफा वाळला, भाव कडाडले आणि सरवा संपला, तरी छाटलेल्या शेवग्याला नवा पाला येतोच. कोवळा शेंडा सकाळी मोडला तर दुपारच्या डाळीत पडतो, आणि झाडाची उंची अंगणवाडीच्या ताईंचा हात पोहोचेल एवढीच ठेवावी.