डाव्या बाजूचं जेवण

मराठी ताटात कोशिंबिरीची जागा ठरलेली आहे: डावीकडे, चटणी आणि लिंबाच्या फोडीशेजारी. तिथे ती चमचा-दोन चमचेच वाढतात आणि तेवढ्यात तिचं काम भागतं. हल्ली घरोघरी ‘रात्री फक्त सॅलड’ असा बेत ठरतो, तेव्हा बहुतेक वेळा हीच कोशिंबीर पातेलंभर होऊन समोर येते. सगळे मुकाट खातात, आणि साडेदहाच्या सुमारास कुणीतरी हळूच फरसाणाचा डबा उघडतं. खाणाऱ्याचा यात काही दोष नाही. काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं; पाव किलो काकडी संपवली तरी जेमतेम 40 कॅलरी पोटात जातात.

जेवणाची जागा घेणाऱ्या सॅलडला बूड लागतं. जगात नावाजलेली सॅलडं बघितली की हे लगेच कळतं. हॉलिवूडच्या ‘ब्राउन डर्बी’ रेस्तराँचे मालक रॉबर्ट कॉब यांनी 1937 साली रात्री उशिरा भूक लागली म्हणून फ्रीजमधलं हाताला लागेल ते बारीक चिरून एकत्र केलं, अशी कॉब सॅलडची कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, त्यात कोंबडी, उकडलेलं अंडं, बेकन, अवोकाडो आणि रोकफोर चीज आहे. पाला केवळ सोबतीला. लेबनॉनचं फत्तूश शिळी रोटी कुरकुरीत करून तिच्या जोरावर उभं राहतं. फ्रान्समधल्या नीस शहराच्या सॅलडवरून तर चक्क वाद आहे. त्या शहराचे महापौर जाक मेदसें यांनी 1972 साली पाककृतींचं पुस्तक लिहिलं आणि बजावलं, की यात बटाटा किंवा कुठलीही उकडलेली भाजी घालायची नाही. उकडलेलं चालेल ते फक्त अंडं. त्यांच्या कितीतरी आधीचे थोर बल्लवाचार्य एस्कोफिए मात्र खुशाल बटाटा आणि घेवड्याच्या शेंगा घालत. नीसचा अभिमान नीसकरांना लखलाभ. रात्री आठ वाजता भुकेलेल्या घराला बटाटा हवा असतो.

आपल्याकडे बुडाची वाण कधीच नव्हती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला द्रोणात मिळणारी आंबेडाळ म्हणजे भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी आणि वरून फोडणी. देशावर कोवळ्या मेथीचा घोळाणा करतात: कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. यातलं एक द्रोणापुरतं उरलं, दुसरं भाकरीबरोबर तोंडी लावण्यापुरतं. दोन्ही एका थाळ्यात आणली की अर्धं जेवण तिथेच तयार होतं.

उरलेलं अर्धं वेळेच्या हिशेबात आहे, आणि बहुतेकांचं सॅलड तिथेच बिघडतं. अख्खे मसूर घ्या. चौघांसाठी दीड वाटी पुरे. ते भिजवावे लागत नाहीत, पण कुकरला लावले की शिट्टीबरोबर त्यांची आमटी होते. उघड्या पातेल्यात, मंद आचेवर, वीस-पंचवीस मिनिटं. दाणा बोटांत दाबला तर चेपावा, पण साल सुटू नये. पाणी निथळून घ्यावं (ते आमटीला येतं, ओतून देऊ नये) आणि मसूर वाफाळते असतानाच त्यावर लिंबू, मीठ आणि उभा पातळ चिरलेला कांदा घालावा. गरम कडधान्य आणि गरम बटाटा आंबट-खारट आत ओढून घेतात. गार झाल्यावर घातलं तर मसाला वर आणि दाणा आत फिकाच. शिवाय कांद्याचा उग्रपणा त्या वाफेतच उतरतो. मीठ आणि लिंबू अंदाजापेक्षा थोडं जास्तच लागतं, कारण कडधान्य दोन्ही गिळून टाकतं.

मोड आलेले मटकी-मूग कच्चेच घालण्याची सध्या फार हौस आहे. ती आवरावी. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय जंतूंचा संसर्ग पसरला आणि 50हून अधिक माणसं दगावली. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. सात-आठ मिनिटं चांगली वाफ द्यावी. मटकीचा करकरीतपणा तेवढ्याने जात नाही.

आता ज्याला दुकानात ड्रेसिंग म्हणतात ते. त्यासाठी बाटली आणायची गरज नाही, फेसलेली मोहरी आहे. दोन चमचे मोहरी खलात घ्यावी, चिमूटभर मीठ टाकावं आणि थेंब थेंब पाणी घालत बत्ता गोल फिरवावा. आधी नुसती काळपट भरड दिसते. मग कडेने फिकट पिवळा लगदा जमू लागतो, त्यावर पांढरट फेस येतो, आणि खलावर वाकलेल्या माणसाच्या नाकात झिणझिण्या येऊन डोळ्यांत पाणी उभं राहतं. तिथे पाच-दहा मिनिटं थांबायचं. मोहरीचा झणका दाण्यात आयता नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक विकर कामाला लागतं आणि तो तयार करतं. उष्णतेने ते विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. आंबटानेही ते मंदावतं, म्हणून लिंबू शेवटी पिळायचं. मग घाण्याचं शेंगदाणा तेल धारेने घालत ढवळावं. फेसलेली मोहरी तेल आणि लिंबाचा रस धरून ठेवते, दोन्ही लवकर वेगळे होत नाहीत. फ्रेंच रीत तिनास एक, तेल जास्त. कडधान्याला दोनास एक बरं लागतं.

काकडी चोचवून, मीठ लावून, दहा मिनिटांनी पिळूनच घालावी, खमंग काकडीला करतात तशी. नाहीतर ते सगळं पाणी थाळ्याच्या तळाशी साचतं आणि मोहरी धुऊन नेतं.

पाल्याचं काम सगळ्यात शेवटी. मेथी असो, मुळ्याचा कोवळा पाला असो की मंडईतलं लेट्यूस, धुतल्यावर पंच्यावर पसरून कोरडं करावं. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी त्यावरून ओघळतं, तेल मात्र हळूहळू आत शिरतं आणि पान मलूल, काळपट पडतं. त्यामुळे वाढायला पाच मिनिटं उरली की पाला मिसळायचा, त्याआधी नाही. त्यावर अर्धी कापलेली उकडलेली अंडी (खात नसतील त्यांना पनीर), भाजलेले दाणे, आणि कालच्या पोळीचे तव्यावर थोड्या तेलात कडक केलेले तुकडे. लेबनॉनमध्ये जे रोटीचं होतं तेच इथे पोळीचं, आणि एरवी फोडणीच्या पोळीत जाणाऱ्या त्या पोळीला ही जागा जास्त शोभते.

उरलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायला हरकत नाही. लिंबू-मोहरी लावलेले मसूर आणि बटाटा रात्रभर फ्रीजमध्ये मुरून आणखी चविष्ट होतात. पाला आणि पोळीचे तुकडे मात्र वेगळ्या डबीत द्यावेत.