गाडीचा मोतीबिंदू

'रिक्षा करून ये.'

फोनवर बाबा एवढंच म्हणाले आणि मी स्टँडवर बॅग घेऊन बघतच राहिले. कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हापासूनची गोष्ट आहे. मी साताऱ्याला रात्री कितीही वाजता उतरले, तरी स्टँडबाहेर आमची पांढरी हॅचबॅक उभी असणार आणि बाबा बॉनेटला टेकून फुटाणे खात असणार, हे ठरलेलं. एसटी दोन तास लेट झाली तरी ठरलेलं. आणि आज रिक्षा?

घरी पोचल्यावर आई स्वयंपाकघरात कुजबुजली, 'रात्रीचं दिसत नाही गं त्यांना हल्ली. बोलत नाहीत, पण सात वाजले की चावी खुंटीला.'

मग काय, आम्हा भावंडांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ज्यात आई-बाबा नाहीत (तुमचाही असेलच!). त्यावर दादाने बंगळुरूहून पाच मिनिटांत निकाल दिला. 'अडुसष्ट वय आहे. काहीतरी होण्याआधी गाडी विकून टाकू.' मी एक अंगठा टाकला आणि झोपायला गेले. बाबांच्या ड्रायव्हिंगचा फैसला एका अंगठ्यात. बाबांना न विचारता.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला आईची बीपीची गोळी संपल्याचं लक्षात आलं. म्हटलं, मीच गाडी काढते. पोवई नाक्यापर्यंत सगळं मस्त, कारण तिथे रस्त्यावरच भरपूर उजेड. परतताना मात्र आमच्या अंधाऱ्या गल्लीत वळले आणि समोर काहीच नाही. म्हणजे दिवे चालू होते, पण पुढे नुसता पिवळट धुरकट गोळा. एक स्पीडब्रेकर दणकन लागला. पुढच्याच वळणावर काळं स्वेटर घातलेले एक आजोबा अचानक बॉनेटसमोर उगवले. ब्रेक लागला, वाचलो दोघंही. त्यांनी मला शिव्या घातल्या, त्या मी मुकाट घेतल्या.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. चष्मा नाही. मग मला का दिसलं नाही?

खाली उतरून पहिल्यांदाच गाडीच्या तोंडाकडे नीट बघितलं. हेडलाइट हळदीचा डाग बसलेल्या प्लास्टिकच्या डब्यासारखे झाले होते. आतला बल्ब म्हणजे धुक्यातला चंद्र. बाबांना दिसत नव्हतं, कारण गाडीलाच दिसत नव्हतं!

सकाळी चहा घेताना विषय काढला. बाबा म्हणाले, 'बल्ब बदलून बघितले मी. फरक पडला नाही. दुकानदार म्हणाला, शंभर वॉटचे टाका. पण ते कायद्यात बसत नाही आणि दिव्याला गरमही फार करतात. मग म्हटलं, आपले डोळेच गेले असतील.' एवढं बोलून त्यांनी पेपर वर धरला. आम्ही ग्रुपवर जे ठरवलं, ते बाबांनी एकट्याने आधीच मान्य करून टाकलं होतं. मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही दोघं ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी दिव्यावर नख घासलं आणि म्हणाले, 'ताई, ही काच नाही. प्लास्टिक आहे.'

बाबांच्या तरुणपणीच्या पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरचे गोल दिवे काचेचे. दगड लागला तर फुटतील, पण पिवळे पडणार नाहीत. आजच्या गाड्यांचे दिवे पॉलिकार्बोनेटचे. हे हलकं, हव्या त्या आकारात वळणारं आणि दगडालाही सहज न फुटणारं प्लास्टिक. याचा एकच शत्रू, ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ संरक्षक थर देतात. काही वर्षांत तो थर झिजतो, तडकतो आणि मग प्लास्टिक उघडं पडतं. आमची गाडी २०१२ ची. अंगणात छप्पर नाही आणि तोंड कायम पश्चिमेला. तेरा-चौदा उन्हाळे दुपारचं ऊन तिने थेट डोळ्यांवर झेललं होतं.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये अशा धुरकट दिव्यांची तपासणी केली. निष्कर्ष वाचून मी हबकले. खराब झालेले दिवे नव्या दिव्यांच्या जेमतेम २० टक्के उजेड देत होते. वर जो उजेड बाहेर पडतो तोही विखुरतो. म्हणजे आपल्याला दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जातो.

काका करून देत होते, पण बाबांना हुरूप आला. 'सामान सांगा, आम्ही घरी करतो.' रविवारची दुपार ठरली. सामान साधंच: मास्किंग टेप, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड आणि यूव्हीपासून वाचवणारा क्लिअर कोट. (टूथपेस्टचा उपाय मलाही मैत्रिणीने सुचवला होता. काकांनी हसून सांगितलं, दोन-चार आठवडे चमकेल, मग पुन्हा तेच.)

आधी दिवे धुतले. कडेच्या पेंटवर टेप लावली, नाहीतर बॉनेट घासलं जातं. मग १००० चा पेपर, सतत पाणी मारत, एकाच दिशेने. पिवळं, दुधासारखं पाणी ओघळायला लागलं. तो सडलेला जुना थर. बाबा उजव्या दिव्यावर, मी डाव्या. पेपरचा नंबर बदलला की घासायची दिशाही बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

मध्येच माझा धीर सुटला. दिवा आधीपेक्षाही पांढराफटक दिसायला लागला होता. 'बाबा, वाट लावली मी!' बाबा शांतपणे म्हणाले, 'घास. पाटी कोरी व्हायच्या आधी जास्तच मळकी दिसते.' एकदम जुने हेडमास्तर!

३००० नंतर कंपाउंड फासलं आणि कापडाने गोल गोल घासत गेलो. तेव्हा कुठे आतला बल्ब लख्ख दिसला. शेवटी कोरडं पुसून क्लिअर कोट. ही पायरी आळसाने गाळली, तर उघडं प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. आणि पिवळेपणा किंवा ओल आतल्या बाजूला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. मग दिवेच बदलायचे.

अंधार पडल्यावर बाबांनी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर लावली आणि डिपर टाकला. भिंतीवर उजेडाची स्वच्छ रेघ उमटली. आई टाळ्या वाजवायला लागली. बाबा मात्र गप्प.

मग म्हणाले, 'आता गाडीचं निमित्त संपलं. आता नाही दिसलं तर दोष माझाच. उद्या डोळे तपासून येतो.'

जे आम्ही तिघं मिळून वर्षभर सुचवू शकलो नव्हतो, ते त्यांनी स्वतः ठरवलं. चष्म्याचा नंबर वाढला होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशन लगेच नको म्हणाले डॉक्टर. गावात चालवा, रात्रीचा हायवे टाळा. म्हणजे दादा अगदीच चुकला नव्हता. पण एएएच्या त्याच तपासणीत घासून पॉलिश केलेल्या दिव्यांचा उजेड साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला होता. ७० टक्के परत मिळू शकत असताना आम्ही माणसालाच भंगारात काढायला निघालो होतो.

तर मंडळी, या वीकेंडला घरी जाल तेव्हा गाडीचे दिवे एकदा बघून घ्या. आणि 'वय झालं' हा मेसेज टाइप करण्याआधी एकदा त्यांची गाडी रात्री स्वतः चालवून बघा.

मागच्या शुक्रवारी मी सव्वादहाला साताऱ्यात उतरले. स्टँडबाहेर बाबा बॉनेटला टेकून उभे होते. फुटाणे संपले होते, एसटी लेट होती ना!