न काढलेल्या विटा

शाईने विटांचं घर काढणारा चित्रकार सगळ्या विटा काढत बसत नाही. खिडकीच्या कडेला चार-दोन, छपराखाली एखादी रांग, बाकी भिंत कोरी. तरी बघणाऱ्याला अख्खी भिंत दिसते. हाताने काढल्यासारखं चित्र संगणकाकडून काढून घेणं हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि त्यातला सर्वांत अवघड प्रश्न माझ्या मते या न काढलेल्या विटांचाच आहे.

संगणकीय चित्रणाला बराच काळ ध्यास होता तो फोटोइतक्या हुबेहूब दृश्याचा. १९९० साली पॉल हेबर्लीने वेगळी वाट दाखवली. त्याच्या प्रोग्रॅममध्ये माउस फिरवला की कुंचल्याचा फटकारा उमटे. त्याचा रंग मूळ फोटोतून येई; जागा मात्र माणूस ठरवी. पुढे १९९४ मध्ये जॉर्ज विंकेनबाख आणि डेव्हिड सेल्सिन यांनी शाईच्या रेखाटनाचे नियमच प्रोग्रॅममध्ये उतरवले. शाईत करडी छटा मिळते ती रेघा दाट-विरळ करूनच, आणि त्याच रेघांनी पृष्ठभाग विटेचा की लाकडाचा हेही सांगावं लागतं. एवढं सगळं प्रोग्रॅमला जमलं. पण तपशील नेमका कुठे हवा, हे त्यांनी माणसाकडेच ठेवलं. वापरणाऱ्याने चित्रावर खुणा करायच्या. खुणेजवळ वीटकाम पूर्ण उमटे, दूर जाईल तसं विरत जाई. या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे.

दुसरी वाट साहित्याच्या स्वभावाची. जलरंगाचा फटकारा वाळला की त्याची कड गडद होते, कारण वाळताना रंगद्रव्य आतून कडेकडे सरकत जातं. १९९७ मध्ये कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी ही कड वरून रंगवली नाही, ती घडू दिली. त्यांनी तीन थर मानले: कागदावर वाहणारं पाणी, कागदावर बसणारं आणि पुन्हा सुटणारं रंगद्रव्य, आणि कागदात झिरपणारा ओलावा. कागदाचे उंचसखल भागही हिशोबात घेतले. मग ओलसर भागात पाणी परतून उमटणारे वेडेवाकडे डागसुद्धा आपोआप आले.

चित्र हलू लागलं की नवी अडचण उभी राहते. फटकारे पडद्यावर स्थिर ठेवले, तर खरबरीत काचेआडून दृश्य बघतोय असं वाटतं. प्रत्येक फ्रेमला नव्याने मारले, तर सगळं लुकलुकतं. बार्बरा मायर यांनी १९९६ मध्ये वस्तूच्या पृष्ठभागावर बिंदू रोवले आणि प्रत्येक बिंदूपाशी एक फटकारा मारला. वस्तू हलली की तिचे फटकारेही तिच्यासोबत हलू लागले. डिस्नेच्या २०१२ मधल्या ‘पेपरमॅन’ या लघुपटात तर चित्रकारांनी स्वतः काढलेल्या रेषाच संगणकातल्या हालचालीबरोबर पुढे नेल्या आहेत.

२०१५ मध्ये गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी न्यूरल नेटवर्क वापरून व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ची शैली ट्युबिंगेनमधल्या नदीकाठच्या घरांच्या फोटोवर चढवली. कोणते रंग, कोणते आकार एकत्र येतात याचं गणित करून ही पद्धत शैली पकडते. निकाल थक्क करणारा आहे. पण एखादा आकार मूळ चित्रात कुठे होता आणि तिथेच का होता, याची नोंद त्या गणितात राहत नाही. शैलीचा पोत मिळतो, चित्रकाराची निवड मिळत नाही.

म्हणून नवं तंत्र समोर आलं की ते मी एकाच कसोटीवर घासतो: ‘इथे रेघ नको’ असं सांगायची सोय चित्रकाराला आहे का? ती असेल, तर संगणकाने लाखो फटकारे खुशाल मारावेत. चित्र माणसाचंच राहतं. ती नसेल, तर पोत कितीही देखणा असो, मला ते तंत्र अपुरंच वाटतं. या विषयात येऊ पाहणाऱ्या तरुणांना माझा आग्रह असतो, की गणिताच्या बरोबरीने रोज थोडं रेखाटनही करा. काय गाळायचं याचा निर्णय स्वतःच्या हाताने घेऊन पाहिलेला माणूसच त्या निर्णयासाठी प्रोग्रॅममध्ये जागा ठेवतो.