करवंदीचा मंद गंध

लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाकडे जाणाऱ्या चढणीवर आपण फाल्गुनातल्या सकाळी गेलात, तर पावले सावकाश टाकावीत. करवंदीच्या काटेरी जाळ्या तेव्हा पांढऱ्या, चांदणीसारख्या फुलांनी भरलेल्या असतात. त्यांचा गंध जाईची आठवण करून देतो; पण जाई लांबून हाक मारते, करवंदीजवळ मात्र वाकावे लागते. (वाकताना काट्यांचे भान असू द्यावे!)

गेल्या वर्षी मी सासूबाईंना तेथे नेले होते. फूल नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "अगं, याला वासच नाही." तेव्हा मला आठवले, आदल्या महिन्यात दूध करपले तरी त्यांना कळले नव्हते.

उतारवयात घ्राणशक्ती हळूहळू मंदावते आणि पुष्कळदा ज्याची मंदावते त्याच्याच ते ध्यानात येत नाही. मग धूर, गॅसची गळती, शिळे अन्न यांची सूचना मिळत नाही. कारण कधी साधी सर्दी असते. कधी पार्किन्सनसारख्या आजाराची ती पूर्वखूणही असू शकते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेच. जर्मनीतील थॉमस हुमेल व सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेला सराव सोपा आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे, लक्षपूर्वक घ्यायचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही.

सासूबाईंना प्रथम लवंग जाणवली, पुढे गुलाब. करवंदी अजून राहिली आहे. येत्या फाल्गुनात आम्ही पुन्हा तुंगार्लीला जाणार आहोत.