आकार नसलेल्या द्रव्याचे गुण

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या शिवारातली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झाली, आणि तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस होता. त्याच मातीत आज पऱ्हाटी उभी राहते, बोंडं फुटतात, कापसाचं सूत निघतं. रूपं इतकी बदलतात, तर त्यांच्या बुडाशी स्वतःचं रूप नसलेलं एकच काही असणार, असं मन लगेच म्हणतं. सांख्यांनी त्याला अव्यक्त प्रकृती म्हटलं. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत ते निव्वळ शक्यता ठरलं. मला यातलं निम्मंच पटतं. मुळाशी काही टिकतं हे खरं, पण ते सर्वस्वी निर्गुण असेल तर त्यातून अमुकच का निपजतं, याला उत्तर उरत नाही.

मातीचा कापूस होतो, हेच मुळात खरं नाही. सतराव्या शतकात व्हान हेल्माँटने कुंडीत विलोचं रोप पाच वर्षं वाढवलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती जेमतेम दोन औंस घटली. सगळं पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तोही फसला. कापसाचा धागा जवळजवळ सगळा सेल्युलोजचा. त्यातला कार्बन हवेतला, पाण्याचा वाटा हायड्रोजनपुरता. लाव्ह्यातलं सिलिकॉन आणि लोह मातीतच राहतं, त्याचं सूत होत नाही. सांख्यांच्या सत्कार्यवादाचा आग्रह हाच होता: कार्य कारणात आधीपासून असतं, म्हणून तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही. त्यांच्या अव्यक्तातही सत्त्व, रज, तम आहेतच, फक्त साम्यावस्थेत. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहिलं. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश स्वतःचा, उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. रसायनशास्त्राशी हा हिशेब जुळत नाही. पण मिसळण्यालाही प्रमाण लागतं, ही त्यामागची जाण मला फार मोलाची वाटते.

कुणी म्हणेल, भौतिकशास्त्र अणूच्याही खाली उतरलं, आता ही जुनी कल्पना कशाला? पण तिथेही इलेक्ट्रॉनच्या क्षेत्राला आकार नाही आणि विद्युतभार मात्र ठरलेला आहे. आकाराविना गुण असू शकतात, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? याहून अवघड आक्षेप असा, की गुण आले म्हणजे त्यांना धारण करणारं आणखी खोल काही हवंच. हा आक्षेप गुणांना द्रव्यावर चढवलेला थर समजतो. तो थर खरवडत गेलं तर अखेरीस हाती काहीच राहत नाही, आणि त्या काहीच नसण्यातून ना खडक होईल, ना बोंड. अमुक होऊ शकणं आणि तमुक न होऊ शकणं, एवढंच मूळ द्रव्याचं असणं आहे.