मागील पानावरून पुढे

बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, तरी माझ्या दोन सवयी सुटलेल्या नाहीत. कोणतेही काम हाती घेतले की कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता करणे ही एक, आणि दरवर्षीची डायरी जपून ठेवणे ही दुसरी. गेल्या डिसेंबरात आमच्या कुटुंबाची खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कची दोन दिवसांची सहल ठरली, तेव्हा पहिली सवय उपयोगी पडली. दुसरीने मात्र मला चांगलेच खजील केले. त्याचीच ही हकीकत.

विषय निघाला तो दिवाळीत. भाऊबीजेसाठी लेक बंगळूरहून आली होती. तिची मुलगी नऊ वर्षांची, माझ्या मुलाचा मुलगा सात वर्षांचा. दोघांनी मिळून एकच हट्ट धरला, "मोठ्या पार्कमध्ये जायचे, आणि सगळ्यांनी जायचे." मुलाने लगेच हाँगकाँगच्या डिस्नेलँडचे नाव काढले. कॅलिफोर्नियात १९५५ साली सुरू झालेल्या पहिल्या डिस्नेलँडने लहानांनी आणि मोठ्यांनी एकत्र खेळावे अशी जागा जगाला दाखवली. तिचे हे आशियातील भावंड २००५ पासून चालू आहे. पण आमच्या आईचे वय ८८. तिचा पासपोर्ट नाही, आणि एवढा प्रवास तिला झेपणारही नाही. शिवाय सलग आठ दिवस मोकळे काढणे मुलाला अशक्य. तळवड्यात त्याचा वाहनांचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना आहे. चाकणच्या बाजूच्या मोठ्या कंपन्यांना माल वेळेवर पोहोचवायचा, हेच त्याचे पंचांग. शेवटी सून म्हणाली, "इमॅजिका घाटाखालीच तर आहे. दीड-दोन तासांचा रस्ता." सर्वांच्या माना डोलल्या आणि नियोजन माझ्याकडे आले. लेक आणि नात नाताळच्या सुट्टीच्या आधी काही दिवस रजा काढून येणार, असेही ठरले.

मी माहिती जमवायला बसलो. चित्रपट प्रक्रियेच्या क्षेत्रात नाव कमावलेल्या मनमोहन शेट्टी यांनी हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू केले. पुढे तिथे वॉटर पार्क आणि स्नो पार्क आले, लागूनच हॉटेल झाले. २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले. संगमनेरला माझी तीन वर्षे नोकरी झाल्यामुळे हे वाचून उगाच आपलेपणा वाटला.

तक्त्यातला पहिला स्तंभ वाराचा. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. इतरांचा रविवार तो आमचा गुरुवार. एरवी या उलट्या सुट्टीचा कंटाळा येतो; या वेळी तीच सोयीची ठरली. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात उद्यानात रांगा लांब असतात, तिकिटाचे दरही तारखेप्रमाणे बदलतात. डिसेंबरच्या मध्यावरचा गुरुवार म्हणजे गर्दी कमी, खर्च कमी आणि मुलाची सुट्टीही वाया जात नाही.

दुसरा स्तंभ भोजनाचा. आपल्या घरांतून सहल म्हटली की खरा प्रश्न इथेच असतो. आई आणि सौ. दोघींचा चौविहार. डिसेंबरात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे साडेपाचला पान वाढलेले हवे, आणि थीम पार्कचा रंग तर त्याच वेळी चढू लागतो. अशा उद्यानांत बाहेरचे पदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्याऐवजी लागूनच असलेल्या हॉटेलात एक रात्र राहावे असे ठरवले. आईला दुपारी पाठ टेकता येईल, साडेपाचला खोलीवर जेवण होईल आणि मुले पुन्हा हुंदडायला मोकळी. कंदमुळे नसलेल्या जेवणाची हॉटेलात फोन करून आगाऊ चौकशी केली. तरीही सौ.ने खाकरे, कोरड्या पुऱ्या, मुगाची डाळ आणि आईसाठी उकळलेल्या पाण्याचे दोन थर्मास यांची यादी स्वतंत्रपणे केलीच. "अहो, तुमचा तक्ता तुमच्याजवळ असू द्या, माझी पिशवी माझ्याजवळ," असे तिचे म्हणणे.

तिसरा स्तंभ माणसांचा. कोण कशात बसणार, कोणाला उंचीची अट आड येते, कोणाचे गुडघे, कोणाचा रक्तदाब. आईच्या नावापुढे मी लिहिले होते, "घरी, शेजारच्या काकूंकडे सोय." आईचे डोळे अजून चांगले आहेत. तक्ता टेबलावर होता, तिने तो वाचला.

"मला विचारलेस का?" तिने शांतपणे विचारले.

"आई, तिथे सगळे उंच पाळणे. तू काय करणार?"

"मी पाळण्यात नाही बसणार. बसलेल्यांना बघेन की."

मी ती ओळ खोडली. तोवर मला नियोजनाचा फार अभिमान वाटत होता. सर्वांच्या सोयीचा विचार करताना ज्यांची सोय करायची त्यांनाच विचारायचे राहून जाते, हे आईने एका वाक्यात सांगितले.

आता दुसऱ्या सवयीकडे येतो. सहलीच्या आधी जुन्या विम्याचा एक कागद शोधताना डायऱ्यांचा गठ्ठा खाली आला. १९९२ ची डायरी सहज उघडली. जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात होते, "मे – मुंबई, एस्सेल वर्ल्ड. चौघे."

तेव्हा लेक सात वर्षांची होती. आज नातू आहे तेवढी. मुलगा चार वर्षांचा. मी मराठवाड्यातील एका शाखेत होतो. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले होते आणि दूरदर्शनवरच्या त्याच्या जाहिरातीने महाराष्ट्रातल्या प्रत्येक लहान मुलाला वेड लावले होते. लाँचमधून खाडी ओलांडून तिथे जायचे, हे लेकीने शाळेत ऐकले होते. रोज रात्री ती मला विचारी, "बाबा, बोट किती मोठी असते?"

त्या मे महिन्यात तपासणीचे पथक शाखेत आले आणि रजा रद्द झाली. मी डायरी पुढे उघडली. १९९३, "एस्सेल वर्ल्ड, मे." त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले, जाण्याचा प्रश्नच नव्हता. १९९४, "एस्सेल वर्ल्ड, दिवाळी." दिवाळीआधी बदली. १९९५, पदोन्नतीची परीक्षा. १९९६ सालच्या नोंदीपुढे कंसात लिहिले होते, "एलएफसी रोखीत घेतली." बँकेतल्या मंडळींना हे लगेच कळेल. कुटुंबासह प्रवासासाठी मिळणारी ती सवलत प्रवास न करता रोखीत घेता येत असे. ते पैसे मी तळवड्यातील जागेच्या हप्त्यात भरले. त्या वेळी तळवडे हे इंद्रायणीकाठचे साधे गाव होते. १९९७ साली ते महापालिकेत आले, पुढे सॉफ्टवेअर पार्क झाला, आणि तो व्यवहार किती शहाणपणाचा होता हे सर्वांनी मला ऐकवले. हिशेबाने ते खरेच होते. ज्या घरात बसून मी हा लेख लिहितो आहे, ते त्याच पैशांतून उभे राहिले.

१९९७ च्या डायरीत मात्र एस्सेल वर्ल्डची नोंद नव्हती. कारण आठवले. लेक बारा वर्षांची झाली होती आणि तिने विचारणे सोडून दिले होते. एम.कॉम.च्या अभ्यासात आणि नोकरीत मी आयुष्यभर शिकलो की न चुकवलेली बाकी पुढच्या पानावर ओढायची असते. मागणारा गप्प झाला म्हणून बाकी शून्य होत नाही. ही एक बाकी मात्र मी गुपचूप वगळली होती. आणि ती आता चुकवताही येणार नाही, कारण एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले.

डायऱ्या मी परत बांधून ठेवल्या. कोणाला काही बोललो नाही.

सोमवारी रात्री मुलगा उशिरा घरी आला. जेवणाच्या ताटाकडे न पाहताच म्हणाला, "बाबा, कंपनीने शेड्यूल वाढवलंय. गुरुवारी सकाळी सातला माल गेटवर हवा. मी नाही येऊ शकत. तुम्ही सगळे जा, नाहीतर पुढच्या महिन्यात बघू."

हे "पुढच्या महिन्यात बघू" माझेच शब्द होते. त्याने ते कुठून उचलले, हे मला शोधावे लागले नाही. नातू दारात उभा होता. तो रडला नाही, हट्टही केला नाही. त्याने फक्त हातातली टोपी खुंटीला लावली आणि झोपायला गेला. लेक समोरच बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

मी उठून डायऱ्यांचा गठ्ठा आणला आणि मुलासमोर पाच पाने उघडून ठेवली. उपदेश केला नाही. तो करण्याचा अधिकार मला नव्हताच. त्याने पाने वाचली. बराच वेळाने म्हणाला, "पण बाबा, माल नाही गेला तर त्यांची लाइन थांबेल. ते खोटं नाही."

"खोटं माझंही नव्हतं," मी म्हणालो. "तपासणी खरी होती, बदली खरी होती. मला सांग, बुधवारी रात्रीपर्यंत माल बाहेर काढायला काय काय लागेल?"

मग आम्ही नवा तक्ता केला. दोन यंत्रांवर जादा पाळी, तपासणीला एक माणूस अधिक, गाडी बुधवारी मध्यरात्री निघेल आणि गुरुवारी सात वाजता गेटवर सुपरवायझर हजर राहील. अडत होते ते कागदांवर: चलन, बिले, ई-वे बिल. ते काम एरवी मुलगाच करतो. मी म्हणालो, "ते मी करतो. चाळीस वर्षे आयुष्य त्यातच गेले."

बुधवारी दुपारी चारपासून रात्री साडेअकरापर्यंत मी त्या कारखान्याच्या छोट्या कचेरीत बसलो होतो. बाहेर प्रेसचे ठोके, आत मी आणि संगणक. दोनदा चूक झाली, तेव्हा कामावरच्या एका तरुणाने सांभाळून घेतली. गाडीचा तांबडा दिवा कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, तेव्हा मला पदोन्नतीचे पत्र मिळाल्याच्या दिवसापेक्षा अधिक समाधान वाटले, हे खरे सांगतो.

गुरुवारी सकाळी आम्ही देहूरोडवरून द्रुतगती मार्गाला लागलो. सव्वासातला सुपरवायझरचा फोन आला, "माल उतरला." मुलाने मोबाइल बायकोच्या पर्समध्ये टाकला. बोरघाट उतरून खोपोली-पाली रस्त्याने उद्यानाच्या दारात पोहोचलो, तेव्हा नातू पायऱ्या मोजत धावत होता.

सगळ्या पाळण्यांचे वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे, ज्यांनी पाहिले नाही त्यांनी पाहावे. पडद्यासमोर अधांतरी बसवून भारतदर्शन घडवणाऱ्या खेळात सौ. माझा हात घट्ट धरून बसली होती. चाळीस वर्षांची माझी लेक नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसली, आणि खाली उतरून लगेच पुन्हा रांगेत उभी राहिली. आई चाकाच्या खुर्चीत सावलीला होती. तिच्याजवळ सर्वांच्या चपला, चष्मे, टोप्या आणि दोन थर्मास. जो तो येऊन आधी तिला सांगे की काय पाहिले. दिवसाचा संपूर्ण वृत्तांत फक्त तिच्याकडे होता.

साडेपाचला खोलीवर जेवण झाले. आई आणि सौ. सूर्यास्ताआधी पाणी पिऊन मोकळ्या झाल्या. मुले पुन्हा बाहेर पळाली. गॅलरीत मी आणि लेक दोघेच उरलो. समोर सह्याद्रीच्या रांगेवर ऊन उतरत होते.

दरवर्षी संवत्सरीला मी सर्वांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो. आता तर ते संदेशही एका वेळी पन्नास जणांना जातात. पण ज्या एका गोष्टीसाठी ते म्हणायला हवे होते, तिच्यासाठी कधीच म्हटले नव्हते. महिना भाद्रपद नव्हता. तरी म्हटले. "एस्सेल वर्ल्डचे राहून गेले ग. मिच्छामि दुक्कडम्."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मला पाळण्यांचं तितकं नव्हतं हो. मला तुमच्याबरोबर बोटीत बसायचं होतं." एवढे बोलून ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

वाचकहो, नियोजन जरूर करावे. वार पाहावा, गर्दी टाळावी, जेवणाची चौकशी आधी करावी, वडीलधाऱ्यांची ओळ त्यांना विचारल्याशिवाय भरू नये. पण तक्त्यात एक स्तंभ अधिक असावा: न जाण्याचे कारण ऐनवेळी उभे राहिले, तर ते काम कोण उचलणार? कारणे खरीच असतात, म्हणून तर ती आपल्याला हरवतात. घरात माझ्यासारखा एखादा निवृत्त माणूस रिकामा असेल, तर त्याचे नाव तिथे निःसंकोच लिहावे.

या वर्षीच्या डायरीत मी एक नोंद केली आहे. मेमध्ये लेक येणार आहे. खाडी ओलांडून गोराईला अजून बोट जाते. पलीकडे एस्सेल वर्ल्ड नाही, हरकत नाही. आम्ही दोघे बोटीत बसून जाऊ आणि त्याच बोटीने परत येऊ.